पीतज्वर आणि लालतोंडे माकड

तापी आणि गोदावरी या दोन नद्यांच्या आसपास, म्हणजे आपल्याच मुलखात, माकडांच्या दोन राज्यांची शीव आहे. दक्षिणेकडे डोक्यावर केसांची चपटी टोपी घातल्यासारखी दिसणारी, लांब शेपटीची माकडे. उत्तरेकडे मथुरा-काशीच्या घाटांवर यात्रेकरूंच्या हातातले फुटाणे हिसकावणारी, आखूड शेपटीची आणि लाल तोंडाची माकडे. ही दुसरी जात प्राणिशास्त्राच्या दप्तरात ऱ्हीसस या नावाने दाखल आहे, आणि रक्तगट सांगताना आपण आजही जो ‘आर.एच.’ असा उल्लेख करतो, ती अक्षरे याच माकडाच्या नावातून आली आहेत. या जातीच्या एका माकडाने, जन्मभूमीपासून सहस्रावधी कोस दूर, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, १९२७ साली स्वतःच्या देहाने जी साक्ष दिली, तिच्यामुळे पाव शतकाहून अधिक काळ अडून राहिलेल्या एका मामल्याचा निकाल लागला. तो मामला पीतज्वराचा होय.

पीतज्वर हिंदुस्थानाने कधी पाहिला नाही, ही या देशावरील दैवाची मोठीच कृपा म्हटली पाहिजे. आफ्रिकेतून गुलामांच्या गलबतांबरोबर हा रोग अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका खंडात गेला आणि तेथील बंदरांत त्याने दोन-अडीच शतके कहर केला. १७९३ साली फिलाडेल्फिया शहरात एका उन्हाळ्या-हिवाळ्याच्या संधीत सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे त्या नगराच्या वस्तीचा जवळजवळ दशांश, या तापाने दगावली; आणि फ्रेंचांनी पनामाच्या भूशिरातून कालवा खणण्याचा जो प्रचंड उद्योग मांडला होता तो ज्या कारणांनी धुळीस मिळाला, त्यांत हा ताप आणि हिवताप यांचा वाटा फार मोठा होता. रोगाचा क्रम असा की, प्रथम कडक ताप, डोकेदुखी आणि कंबरेत असह्य कळा. मग तीन-चार दिवसांनी ताप उतरतो आणि घरच्या माणसांना हायसे वाटते. आणि काही रोग्यांच्या बाबतीत, नेमक्या त्याच घटकेनंतर, डोळे व कातडी पिवळी पडू लागते, लघवी आटते, हिरड्यांतून रक्त येते आणि पाण्यात काजळी कालवावी तशी काळी वांती होते. कावीळ म्हणजे यकृत गेले, लघवी आटली म्हणजे मूत्रपिंडे गेली, नाडी मंदावली म्हणजे हृदय थकले, वांती काळी झाली म्हणजे जठरात रक्तस्राव झाला. एकच व्याधी एकाच वेळी देहाच्या इतक्या निरनिराळ्या महालांत कशी शिरते, आणि प्रथम कोणत्या दाराने शिरते, हा प्रश्न वैद्यांना सतावत होता. परंतु मेलेल्या माणसाचे शवविच्छेदन करून केवळ शेवट कळतो, आरंभ कळत नाही. आरंभ पाहायचा तर रोग आपल्या डोळ्यांसमोर, ठरवून दिलेल्या दिवशी, कोणाच्या तरी देहात सुरू व्हावयास हवा. तो देह कोणाचा?

हवानामध्ये १९०० साली या प्रश्नाला जे उत्तर दिले गेले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. कार्लोस फिनले या क्यूबन वैद्याने १८८१ सालीच, एका विशिष्ट डासामुळे हा रोग पसरतो, असे प्रतिपादन केले होते. त्याची शहानिशा करण्यासाठी अमेरिकन लष्कराने वॉल्टर रीड याच्या नेतृत्वाखाली मंडळ नेमले. पण एकाही जनावराला पीतज्वर होतो असे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून प्रयोगाचा प्राणी माणूस ठरला. मंडळातील जेम्स कॅरॉल याने स्वतःला डास चावून घेतला व तो मरता मरता वाचला. जेसी लाझिअर हा त्यांचा सहकारी २५ सप्टेंबर रोजी पीतज्वराने मरण पावला. पुढे सैनिकांनी आणि स्पेनमधून नव्याने आलेल्या मजुरांनी, लेखी संमती देऊन आणि शंभर डॉलरचा, आजारी पडल्यास आणखी शंभर डॉलरचा, मोबदला कबूल होऊन, आपले हात डासांपुढे धरले. दुसऱ्या वर्षी अशाच एका प्रयोगात क्लारा मास ही पंचवीस वर्षांची परिचारिका मरण पावली, आणि तिच्या मृत्यूनंतर लवकरच हवानातील मानवी प्रयोग थांबले. डासाचा गुन्हा शाबीत झाला. शिवाय रोग्याचे रक्तजल अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले तरी त्यातला रोग गाळला जात नाही, हेही कॅरॉलने दाखवून दिले, म्हणजे गुन्हेगार जीव सूक्ष्मदर्शकाच्या टप्प्याबाहेरचा होता. पण त्याला धरून ठेवायला, वाढवायला आणि पारखायला प्रयोगशाळेजवळ देहच नव्हता. तपास तेथेच थबकला.

या रिकाम्या जागेत एक खोटा साक्षीदार शिरला. हिदेयो नोगुची हा जपानी शास्त्रज्ञ, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे भूषण, १९१८ साली इक्वेडोरमधील ग्वायाकिल बंदरात गेला आणि पीतज्वराचे म्हणून ज्या रोग्यांना ओळखले जात होते त्यांचे रक्त त्याने गिनीपिगांना टोचले. गिनीपिग पिवळे पडले, त्यांच्या अंगात रक्तस्राव झाले, आणि त्यांच्या यकृतात व मूत्रपिंडात मळसूत्रासारखे वळलेले सूक्ष्मजंतू सापडले. बाहेरून पाहणाऱ्याला तो पीतज्वरच वाटावा! त्या जंतूला त्याने पीतज्वराचा जनक ठरवले, त्याच्यापासून लस आणि रक्तजल तयार झाले, आणि ते पुढे कित्येक वर्षे माणसांना टोचलेही गेले. वस्तुतः नोगुचीचे ते रोगी बहुधा वाइलच्या रोगाचे, म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना होणारा जो रोग ‘लेप्टो’ या नावाने आज आपण ओळखतो, त्याच रोगाचे होते. आणि नोगुचीचा जंतू व वाइलच्या रोगाचा जंतू हे एकच आहेत, असे १९२६ साली हार्वर्ड विद्यापीठातील मॅक्स थाइलर आणि अँड्र्यू सेलार्ड्स यांनी दाखवून दिले. गिनीपिगाने आपल्याला होणाऱ्या आजाराविषयी खरेच सांगितले होते. चूक झाली ती त्याचे जाबजबाब घेणाऱ्यांची. पिवळ्या डोळ्यांना त्यांनी रोगाची ओळख मानले. कावीळ हा यकृताचा आक्रोश आहे, आणि तो आक्रोश अनेक मारेकऱ्यांमुळे उठू शकतो.

याच सुमारास रॉकफेलर फाउंडेशनने पश्चिम आफ्रिकेत पीतज्वराच्या शोधासाठी एक मंडळ पाठवले होते. हेन्री बीउक्स हा त्याचा प्रमुख. लागोस शहराजवळच्या याबा येथे त्याचे ठाणे. मंडळीत लंडनच्या गायज हॉस्पिटलचा विकृतिशास्त्राचा प्राध्यापक एड्रियन स्टोक्स होता. महायुद्धात फ्लँडर्सच्या खंदकांत वाइलचा रोग त्याने पुष्कळ पाहिला होता, म्हणून नोगुचीचा जंतू असता तर तो त्याला हुकला नसता. शेकडो गिनीपिगांना रोग्यांचे रक्त टोचूनही त्यांना काहीच होत नाही, असे दिसल्यावर मंडळाने दुसरी तजवीज केली आणि युरोपातल्या प्राण्यांच्या व्यापाऱ्यांकडून निरनिराळ्या जातींची माकडे मागवली. त्यांत हिंदुस्थानातील लालतोंडी माकडे होती.

३० जून १९२७ रोजी गोल्ड कोस्ट वसाहतीतल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, क्पेवे या गावी मंडळातील डॉक्टर अलेक्झांडर माहाफी याने असिबी नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या एका आफ्रिकी गृहस्थाच्या दंडातून थोडे रक्त काढले. असिबीला ताप होता, पण तो फारसा आजारी नव्हता आणि पुढे लवकरच बराही झाला. ते रक्त गिनीपिगांना, एका मार्मोसेट माकडाला आणि एका लालतोंड्या माकडाला टोचण्यात आले. गिनीपिग खुशाल राहिले. मार्मोसेटला काही झाले नाही. लालतोंड्या माकडाला मात्र ताप भरला, ते मलूल होऊन बसले आणि दगावले. त्याचे रक्त दुसऱ्या माकडाला, दुसऱ्याचे तिसऱ्याला दिले तेव्हा तीही त्याच मार्गाने गेली. ज्या विषाणूने असिबीला केवळ ताप आणला, त्याने हिंदुस्थानी माकडाचा सर्वनाश केला. याचे कारण शोधणे कठीण नाही. आफ्रिकेतील माकडांचा आणि या विषाणूचा अनंत पिढ्यांचा शेजार असल्यामुळे त्यांनी परस्परांशी तडजोड करून घेतली आहे. आमच्या माकडाला त्याची ओळखदेखील नव्हती. ते हिंदुस्थानचे होते म्हणूनच ते मेले, आणि ते मेले म्हणूनच ते उपयोगी पडले.

या माकडांचे देह उघडल्यावर जे दिसले त्याचे वर्णन मंडळातील पॉल हडसन याने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले आहे. यकृत हळदीच्या हाताने चोळल्यासारखे पिवळट आणि ठिसूळ झालेले. त्याची बारीक चकती करून, रंग चढवून, भिंगाखाली ठेवली की यकृताच्या षट्कोनी खंडिका दिसतात. प्रत्येक खंडिकेच्या मधोमध एक सूक्ष्म शीर आणि कडेला रक्त आणणाऱ्या वाहिन्या. पीतज्वरात मधल्या शिरेभोवतीच्या पेशी काही अंशी टिकतात, कडेच्याही टिकतात, आणि त्यांच्या दरम्यानचा पट्टा मरून पडतो. आवारातले घर आणि कुंपणालगतची झाडे वाचावीत आणि मधले शेत तेवढे करपून जावे, तसे. मेलेल्या पेशी आकसून लालसर गोळ्यांसारख्या होतात. या गोळ्या माणसाच्या यकृतात कौन्सिलमन याने १८९० सालीच पाहिल्या होत्या, आणि मधल्या पट्ट्याचे हे मरण रोशा लिमा याने १९१२ मध्ये नमूद केले होते. आता तेच चित्र माकडाच्या यकृतात उमटले होते. मूत्रपिंडांच्या नलिकांत साकळलेले प्रथिन, हृदयाच्या स्नायूत उतरलेली चरबी, प्लीहेतील पांढऱ्या पेशींच्या पुंजक्यांचा नाश, जठरात काळे पडलेले रक्त: माणसाच्या शवविच्छेदनात एकेक करून जे सापडत असे, ते सर्व येथे एकाच देहात, आणि मुख्य म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत क्रमवार पाहता येऊ लागले. शिवाय एक उलटतपासणी झाली. पीतज्वरातून बऱ्या झालेल्या माणसांचे रक्तजल आधी टोचले, तर माकडे वाचत होती. माकडाचे रक्त प्यालेले डास दुसऱ्या माकडाला तोच आजार देत होते. गिनीपिगाच्या काविळीपाशी असा पुरावा कधीच नव्हता.

स्टोक्सला या पुराव्याची किंमत स्वतः मोजावी लागली. माकडांची शवविच्छेदने करताना त्याच्या हातांच्या कातडीतून विषाणू आत गेला असावा, असा सहकाऱ्यांचा तर्क होता. आजारी पडल्यावर स्वतःच्या अंगाचे रक्त माकडांना टोचले जावे आणि डासांनाही आपल्यावर पोसून घ्यावे, हे त्याने होऊ दिले, आणि त्या माकडांनाही पीतज्वर झाला. १९ सप्टेंबर १९२७ रोजी तो लागोस येथे मरण पावला. मंडळाच्या शोधनिबंधावर त्याचे नाव आहे, पण तो छापून आला तेव्हा स्टोक्स हयात नव्हता. नोगुची आपल्या मताची तपासणी करण्यासाठी त्याच वर्षाच्या अखेरीस आक्रा येथे आला आणि २१ मे १९२८ रोजी त्याच रोगाने गेला. त्याला जागा देणारा आक्रा प्रयोगशाळेचा संचालक विल्यम यंग काही दिवसांतच त्याच्या मागोमाग गेला. पुढच्या वर्षी ब्राझीलमधील बाहिया येथे पॉल लुइस गेला, आणि १९३० मध्ये लागोस येथे थिओडोर हेन. नोगुची चुकला, हे खरे; परंतु ज्या मनुष्याने आपली चूक तपासण्यासाठी मृत्यूच्या दारात प्रयोगशाळा मांडली, त्याच्याविषयी आदराशिवाय दुसरा शब्द काढणे मला तरी जमणार नाही.

माकडे महाग, धोकादायक आणि सांभाळायला जड. थाइलरने १९३० साली एक स्वस्त मार्ग काढला आणि त्यातून अनपेक्षितपणे एक मोठे रहस्य बाहेर आले. पांढऱ्या उंदरांना पोटात किंवा कातडीखाली विषाणू दिला तर काही होत नसे. म्हणून त्याने तो थेट मेंदूत टोचला. उंदीर काही दिवसांनी लुळे पडून मेले. पण त्यांची यकृते? ती स्वच्छ होती. मूत्रपिंडे स्वच्छ होती. सर्व उत्पात मेंदूत झालेला होता. त्याहून विलक्षण म्हणजे, एका उंदराच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत असा प्रवास होत गेला, तसतसा तो विषाणू उंदरांना अधिक मारक आणि माकडांच्या यकृताला अधिकाधिक निरुपद्रवी होत गेला. विषाणूला ज्या इंद्रियात राहण्याची सवय लावावी, त्या इंद्रियाचा तो होतो, आणि दुसऱ्या इंद्रियाची वाट विसरत जातो. पोटातील अवयवांकडे धावणारा तो विषाणूचा एक स्वभाव, मज्जासंस्थेकडे धावणारा तो दुसरा. एकाच विषाणूच्या या दोन वृत्ती आहेत आणि त्या वेगळ्या करता येतात, ही कल्पना येथे सिद्ध झाली. एकाच प्राण्याची साक्ष घेऊन थांबले असते, तर ती कधीच कळली नसती.

डाकर येथील फ्रेंचांनी उंदराच्या मेंदूतल्या विषाणूचीच लस केली व ती फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत लक्षावधी लोकांना दिली. रोग आटोक्यात आला, पण लस घेतलेल्या काही मुलांना मेंदूचा दाह झाला, म्हणून पुढे ती बंद करावी लागली. थाइलरने रॉकफेलरच्या प्रयोगशाळेत निराळा मार्ग धरला. असिबीच्या रक्तातून माकडात, आणि तेथून पुढे चालत आलेला विषाणू त्याने काचपात्रात आधी उंदराच्या, मग कोंबडीच्या भ्रूणाच्या चेचलेल्या ऊतकावर, आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणावर, पिढ्यान् पिढ्या वाढवला. शेकडाएक पिढ्यांच्या सुमारास, नेमका कोणत्या दिवशी हे त्यालाही समजले नाही, त्या विषाणूने दोन्ही वृत्ती टाकल्या: माकडाचे यकृत तो बिघडवीना, आणि मेंदूत टोचला तरी माकड मरेना. १९३७ साली ह्यू स्मिथ याच्याबरोबर त्याने ही ‘सतरा-डी’ लस जाहीर केली आणि ब्राझीलमध्ये तिचा वापर सुरू झाला. १९५१ चे नोबेल पारितोषिक थाइलरला याच कामगिरीसाठी मिळाले. आज आफ्रिकेत जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला जी लस घ्यावी लागते, तिच्यातील प्रत्येक थेंब वंशपरंपरेने क्पेवे येथील त्या एका तापकऱ्याच्या रक्तापर्यंत आणि एका हिंदुस्थानी माकडापर्यंत पोहोचतो.

माकडांविषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. या यशानंतर लालतोंडे माकड जगभरच्या प्रयोगशाळांची गरज बनले, आणि पोलिओच्या लशीच्या काळात तर उत्तर प्रदेशातील फासेपारध्यांच्या जाळ्यांतून विमानांच्या पिंजऱ्यांपर्यंत त्यांची जी रवानगी सुरू झाली, तिला मर्यादा राहिली नाही. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडे गुदमरून मेली, तेव्हा भारत सरकारने काही काळ निर्यातीस मनाई केली. १९७८ मध्ये ती कायमची बंद झाली. ज्या देशाने मारुतीचे देऊळ प्रत्येक गावच्या वेशीवर उभारले, त्या देशाने हा हुकूम काढण्यास इतका विलंब लावावा, याची खंत वाटते. प्रयोग आवश्यक होते असे मी मानतो. त्यांतील पुष्कळ यातना मात्र आवश्यक नव्हत्या.

पीतज्वराची भीती भारताच्या मानेवर कायम होती, कारण त्याचा डास आपल्या रांजणांत आणि हौदांत राजरोस वाढतो आणि आपली माकडे किती नाजूक आहेत हे लागोसने दाखवून दिले होते. म्हणून १९५७ च्या उन्हाळ्याच्या आरंभी म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून, सागर व सोरब तालुक्यांतील रानांतून, माकडे मरून पडत असल्याची आणि लाकूडफाट्यासाठी जंगलात गेलेल्या लोकांना कडक ताप व रक्तस्राव होत असल्याची बातमी पुण्याला आली, तेव्हा तेथील विषाणू संशोधन केंद्रात पहिली शंका उठली ती हीच: पीतज्वर शेवटी आला की काय? ते केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तीच जुनी रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून स्थापन केले होते. टेल्फर्ड वर्क या संचालकाच्या माणसांनी त्या भागातील क्यासनूरच्या जंगलातून मेलेल्या व मरणोन्मुख माकडांचे अवयव, माणसांचे रक्त आणि झाडोऱ्यातील गोचिडी गोळा केल्या. पुण्यात पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत त्यांची परीक्षा झाली. विषाणू पीतज्वराच्याच कुळातला निघाला, पण त्याची जवळची सोयरिक रशियातील वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराशी होती, आणि त्याचे वाहन डास नसून गोचीड होते. कन्नडमध्ये लोक त्याला ‘मंगन कायिले’, माकडांचा आजार, म्हणू लागले. या विषाणूने टोपीवाल्या माकडाच्या देहातील रक्त, लसिकाग्रंथी, आतडी आणि काहींत मेंदू यांची काय अवस्था होते, हे पुढल्या काळात प्रयोगांनी तपासले गेले. लागोसचा धडा आता आपल्याच माकडांवर आपल्याच रानात गिरवला जात होता.

तो आजार घाट उतरून खाली आला आहे. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली तो दिसला, आणि तेथे त्याला ‘माकडताप’ हे नाव मिळाले. काजूच्या बोंडांचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच, जानेवारीपासून मेपर्यंत. बागेत मेलेले माकड आढळले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला वर्दी द्यावी, असे तेथे बजावलेले असते. मग हातमोजे घातलेली माणसे येतात, देह उघडतात, अवयवांचे लहान तुकडे थंड पेटीत ठेवतात, आणि ती पेटी पुण्याकडे रवाना होते.